निवृत्त परिचारिकेच्या चिठ्ठ्या

टाचणीकाकांच्या शर्टाच्या खिशाला कायम सहा-सात टाचण्या टोचलेल्या असत. खिशात कोऱ्या चिठ्ठ्या. रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, अगदी कुणाच्या मातीला गेले तरी चिठ्ठ्या बरोबर. कुणाच्या तोंडून एखादा इंग्रजी शब्द पडला की काका तो पडल्या पडल्या उचलत. खाली पडलेले नाणे उचलावे तसे, इकडेतिकडे बघून.

शब्दकोशाच्या कार्यालयात ते बाविसाव्या वर्षी चिकटले. आता निवृत्तीला तीन महिने उरले होते. मधली सगळी वर्षे काम एकच. ऐकायचे, लिहायचे, टाचायचे.

कार्यालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. भिंतीला शहाण्णव खण. खणांत चिठ्ठ्या. चिठ्ठीवर वर इंग्रजी शब्द, खाली तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, त्याखाली कोण बोलले, कुठे, कधी. वाक्य वाचलेले असेल तर कशावर वाचले ते. कोश काढणारे थोरले संपादक जाऊन जमाना झाला, पण त्यांचा नियम दारावर चौकटीत होता. ‘ऐकले तर लिहिले.’ जगातले सगळे इंग्रजी शब्द या कोशात नव्हते. इथल्या माणसांच्या कानांवर आणि डोळ्यांसमोर येतात तेवढेच होते, त्यांच्या अर्थांसकट.

कोश दप्तरात मावला पाहिजे, हा दुसरा नियम. त्यामुळे प्रत्येक आवृत्तीत नवे शब्द आत आले की जुन्यांना जागा खाली करावी लागे. दहा वर्षांत ज्या शब्दाची एकही चिठ्ठी आली नाही तो बाहेर. एखाद्या वाचकाने जरी चिठ्ठी पाठवली तरी शब्द वाचे. त्याच्यापुढे फक्त ‘जु.’ अशी खूण पडे. जुना, पण जिवंत.

सोमवारी सकाळी संपादकबाईंनी टेबलावर थाप मारली. बाई चाळिशीच्या आतल्या, बोलायला फटकळ, कामाला वाघ.

“काका, ऐका. प्रस्तावना वाचते.”

काकांनी चिठ्ठ्यांतून मान वर केली नाही.

“‘या आवृत्तीतील जुन्या शब्दांसाठी आम्ही एका निवृत्त परिचारिकाबाईंचे विशेष ऋणी आहोत. गेली सहा वर्षे त्यांनी एकशे त्रेचाळीस शब्दांच्या चिठ्ठ्या पाठवल्या. हे शब्द आजही बोलले जातात, हे त्यांच्यामुळे कळले.’ कसं वाटतं?”

काकांच्या हातातली टाचणी बोटात गेली.

“चांगलं आहे,” ते म्हणाले.

“चांगलं काय, कमी आहे. त्या बाईंना बोलवायचं. प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसवायचं. नाव नाही, पत्ता नाही, सहीच्या जागी नुसतं ‘निवृत्त परिचारिका’. पण मी पाकिटं बघितली. सगळे शिक्के तुमच्या घराजवळच्या पोस्टाचे आहेत.”

“हो?”

“हो काय! तुमच्या गल्लीत राहत असतील. चौकशी करा. तुमची अक्का परिचारिकाच होती ना? तिच्या ओळखीतल्या निघतील. शनिवारी प्रस्तावना छापायला जाते. तोवर मला नाव हवं.”

समोरच्या टेबलावरचे मुद्रितशोधक हसले. त्यांना सगळे कानामात्रा म्हणत. “काका, बाई शोधायचं काम तुमच्याकडे आलं. चाळीस वर्षं उशिरा आलं, पण आलं.”

काकांनी बोट तोंडात घातले. रक्त थांबले. बाकी काही थांबले नाही.

त्या निवृत्त परिचारिकाबाईंना काका चांगले ओळखत होते. त्या अस्तित्वातच नव्हत्या.

हे सुरू झाले सहा वर्षांपूर्वी. एक बाई जिना चढून कार्यालयात आली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला कागद. आजोबांचे नेमणूकपत्र. ‘तुमची अमॅन्युएन्सिस या जागी नेमणूक करण्यात येत आहे,’ असे इंग्रजीत लिहिलेले. तिने विचारले, “माझे आजोबा काय होते? घरात कुणालाच माहीत नाही. चुलता म्हणतो शिपाई होते, आत्या म्हणते काहीतरी वाईट काम असणार, म्हणून ते सांगत नसत.” तेव्हाच्या संपादकांनी कोश उघडला. शब्द नव्हता. मागच्या आवृत्तीत तो वगळला होता. ते म्हणाले, “असा शब्द आमच्यात नाही.” बाईने कागद पिशवीत घातला आणि ती गेली.

काका चहा घेऊन वर येत होते. जिन्यात ती त्यांच्या अंगावरून खाली गेली. वर आल्यावर त्यांना कळले. तो शब्द त्यांनीच पहिल्या वर्षी टिपला होता. अर्थही त्यांचा. ‘दुसरा सांगेल ते लिहून घेणारा, लेखनिक.’ अर्थासाठी दोन दिवस घातले होते. ते चहा ठेवून धावले. चौकापर्यंत गेले, बसथांब्यावर बघितले, दुसऱ्या बाजूच्या गल्लीतही जाऊन आले. बाई मिळाली नाही.

त्यानंतर काका वगळायच्या शब्दांची यादी वाचू शकत नसत. प्रत्येक शब्दामागे त्यांना पिशवीत कागद घेतलेले कुणीतरी दिसे. आठवडाभराने त्यांनी एक चिठ्ठी डाव्या हाताने लिहिली. शब्द होता ‘लंबेगो’. जुन्या काळचे लोक कंबरदुखीला म्हणत ते. वाक्य सुचले. ‘वॉर्डातल्या सात जणांपैकी चौघांना लंबेगो होता, तिघांना काम नको होते.’ खाली लिहिले, निवृत्त परिचारिका. घराजवळच्या पेटीत टाकली. तीन दिवसांनी कार्यालयात ती त्यांनीच फोडली. सगळे हसले. शब्द वाचला.

एकदा सवड सापडली की सवय व्हायला वेळ लागत नाही. एकशे त्रेचाळीस झाल्या.

सोमवारी संध्याकाळी काका घरी बसेनात. दोन खोल्यांचे घर, खाली इस्त्रीचे दुकान, इस्त्रीची वाफ खिडकीतून वर येई. काका खिडकीशी गेले. दाराशी आले. परत खिडकीशी.

थोरली बहीण अक्का भाजी निवडत होती. ती इस्पितळातून हेडसिस्टर म्हणून निवृत्त झाली आणि नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आली. घरातही ती वॉर्डातल्यासारखीच बोले.

“पायाला भिंगरी लागलीय का?”

“नाही.”

“मग बस. नाही तर फरशी झिजेल आणि घरमालक आपल्याला बोलेल.”

काका बसले. अर्ध्या मिनिटाने उठले.

मंगळवारी सकाळी त्यांना उपाय सापडला. निदान तसे वाटले. चिठ्ठ्या खोट्या होत्या, कारण ते शब्द कुणी बोलले नव्हते. कुणी बोलले की त्या खऱ्या. बाई खोटी राहील, पण शब्द तरी खरे ठरतील. मग बाईचे काहीही सांगता येईल. गाव सोडून गेल्या म्हणून सांगता येईल. त्यांनी पोटदुखीची रजा टाकली, डाव्या हातानेच काढून घरी ठेवलेल्या नकलांपैकी साठ चिठ्ठ्या खिशात घातल्या आणि बाहेर पडले.

नियम एकच आड येत होता. शब्द आपण समोरच्याच्या तोंडात घालायचा नाही. तो त्याचा त्याने बोलला पाहिजे.

पहिले दुकान शिंप्याचे. हवा होता ‘वेस्टकोट’.

“एक कपडा शिवायचाय,” काका म्हणाले. “कोटाच्या आत घालतात. बाह्या नसतात. पुढे बटणं.”

“जॅकेट,” शिंपी म्हणाला.

“तसं नाही. जुन्या पद्धतीचं. साहेब लोक घालायचे.”

“जॅकेटच.”

“त्याला दुसरं काही म्हणतात का?”

शिंप्याने फीत गळ्यात टाकली आणि काकांकडे नीट बघितले. “काका, शिवायचंय की नाव ठेवायचंय?”

पुढचे दुकान औषधांचे. हवा होता ‘लॉझेंज’. घसा बसलाय, चघळायला काही द्या, म्हणून सांगितले. औषधवाल्याने गोळी दिली.

“हिला काय म्हणतात?”

“गोळी.”

“चघळायच्या गोळीला काही वेगळं नाव असेल ना?”

“चघळायची गोळी.”

तिसरे दुकान सुया, दोरे, बटणे, नाड्यांचे. इथे काकांना फार आशा होती. दुकानदार सत्तरीचा होता आणि शब्द होता ‘हॅबर्डॅशर’, म्हणजे हेच सगळे विकणारा. काकांनी उगाच डझनभर बटणे घेतली.

“तुमच्या धंद्याला इंग्रजीत काय म्हणतात हो?”

“रिटेल,” म्हातारा म्हणाला.

“आणि पूर्वी? तुमच्या वडिलांच्या वेळी?”

“पूर्वी बरा चालायचा.”

बुधवारी ते चष्मेवाला, चपलांचा कारागीर आणि पियानो दुरुस्त करणारा, तिघांकडे गेले. गुरुवारी उद्यानातल्या बाकांवर जाऊन बसले, कारण म्हातारी माणसे तिथे बसतात. म्हातारी माणसे गुडघ्यांविषयी बोलली, सुनांविषयी बोलली. जे इंग्रजी शब्द आले ते नवेच होते. एक आजी नातवाला म्हणाली, “ते स्क्रोल करणं बंद कर, डोळे जातील.” काकांनी सवयीने चिठ्ठी काढली, लिहिली, टाचली. मग त्यांच्या लक्षात आले की ‘स्क्रोल’ हा शब्द वर्षभर बाहेर ताटकळतोय. जागा नाही म्हणून. त्याची जागा अडवून ‘हॅबर्डॅशर’ बसला होता.

दुपारी एक निवृत्त पोस्टमास्तर बाकावर आले. पेपरवाल्याशी त्यांचे भांडण झाले होते. “एक फोर्टनाइट पेपर दिला नाही, आणि बिल पुरतं!” ते म्हणाले.

काका उभे राहिले. “काय म्हणालात?”

“बिल पुरतं.”

“त्याआधी.”

“फोर्टनाइट. पंधरवडा. का? मी चूक बोललो?”

“नाही, नाही,” काका म्हणाले. त्यांना त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. त्यांनी चिठ्ठी लिहिली. मग उरलेल्या चिठ्ठ्या मोजल्या. तीन दिवसांत एक. शनिवार परवा होता.

घरी येताना ते दोनदा रस्ता चुकले. तीस वर्षांच्या ओळखीचा रस्ता.

शुक्रवारी सकाळी अक्काने शर्ट भिजवायला घेतला. खिसे तपासायची तिची जुनी सवय. इस्पितळात रुग्णाचे कपडे धुवायला टाकताना लागलेली. खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा निघाला. काका आंघोळ करून बाहेर आले तेव्हा ती चष्मा लावून खिडकीशी बसली होती.

“ही निवृत्त परिचारिका कोण?”

काकांच्या केसांतून पाणी गळत होते.

“अक्षर वाकडं आहे,” अक्का म्हणाली. “पण वळण ओळखीचं. या वयात, अं? आणि परिचारिकाच सापडली? माझ्या ओळखीतली आहे का?”

“अक्का, तसं काही नाही.”

“लाजू नकोस. एकदा ती पोस्टातली मुलगी तुझ्याशी बोलत होती आणि तू मध्येच चिठ्ठी काढलीस. ती म्हणाली, ‘तुम्ही मला ऐकताय की शब्द ऐकताय?’ तेव्हाच मी म्हटलं, याचं लग्न व्हायचं नाही. आता झालं तर मला आनंदच आहे. कोण आहे ती?”

“ती नाहीच आहे.”

“म्हणजे?”

काका खाटेच्या कडेवर बसले आणि सांगून टाकले. नेमणूकपत्राची बाई, डावा हात, पोस्टाची पेटी, सगळे. अक्का मध्ये एकदाही बोलली नाही. त्यामुळे सांगणे जास्त अवघड गेले.

“आणि उद्या काय?” तिने विचारले.

“उद्या नाव द्यायचंय.” काकांनी मान खाली घातली. मग वर केली. आठवडाभर जे मनात आले नव्हते ते एकदम समोर उभे होते. “अक्का, तू चल ना. तू परिचारिकाच आहेस. निवृत्तच आहेस. पोस्ट आपलंच आहे. नुसतं येऊन बसायचं. सही ‘निवृत्त परिचारिका’ अशीच आहे, त्यात खोटं काही...”

अक्काने चष्मा काढला.

“माझ्या वॉर्डात एक मुलगी होती,” ती म्हणाली. “हुशार. एकदा रुग्ण झोपला होता म्हणून तिने ताप मोजलाच नाही. अंदाजाने तक्त्यावर आकडा लिहिला. मी जाऊन मोजला. तेवढाच निघाला. बरोब्बर तेवढाच.”

“मग?”

“मग मी तिच्या हातचा अख्खा आठवड्याचा तक्ता फाडला. तिला सगळ्यांचा ताप पुन्हा मोजायला लावला.”

“पण आकडा बरोबर होता ना?”

“म्हणून तर. चुकला असता तर एकच आकडा चुकला असता. बरोबर निघाला, म्हणून सगळेच संशयात आले.”

खाली इस्त्रीवाल्याने पाणी शिंपडले. चर्र आवाज आला. काका उठले. खिडकीशी जाणार होते, पण खिडकीशी अक्का होती.

“मी येणार नाही,” ती म्हणाली. “पण चिठ्ठ्या वाच. मी म्हणते ते शब्द त्यात असतील तर सांगते.”

काकांनी कपाटातून उरलेल्यांच्या नकला काढल्या आणि वाचायला सुरुवात केली. ‘कॉन्झम्प्शन’, म्हणजे क्षय. “नाही, आम्ही टीबीच म्हणायचो.” ‘क्विन्झी’, घशातले गळू. “माझ्या आधीच्या मेट्रन म्हणायच्या. मी नाही.” ‘स्मेलिंग सॉल्ट’. “कांदा फोडून हुंगवायचो.” ‘पोल्टिस’, आपली पोटीस.

“हे काय विचारतोस? मागच्या महिन्यात तुझ्या पायाला गळू झालं तेव्हा पोटीस कुणी बांधली? ‘पोटीस ढिली करू नकोस’ म्हणून मी तीन दिवस ओरडत होते.”

काकांनी पायावरच्या व्रणावरून बोट फिरवले.

“ती चिठ्ठी का नाही लिहिलीस?”

“सुचलं नाही.”

“साऱ्या गावाचं ऐकतोस. घरात आलास की कान कुठे काढून ठेवतोस रे?”

दुपारपर्यंत एकशे त्रेचाळीस वाचून झाले. अक्काचे अकरा निघाले. पोस्टमास्तरांचा एक. बारा. काकांनी बाकीच्या एकशे एकतीसांना दोरा बांधला. दोऱ्याची गाठ तीनदा सुटली.

शनिवारी ते कार्यालय उघडण्याआधीच जिन्यात उभे होते. खाली उतरले. पुन्हा चढले. संपादकबाई किल्ली घेऊन आल्या तेव्हा ते मधल्या पायरीवर होते, धड वर नाही धड खाली नाही.

“काका! पोट बरं का? मिळाल्या का आपल्या बाई?”

“आत चला,” काका म्हणाले.

आत गेल्यावर त्यांनी दोऱ्याचा गठ्ठा टेबलावर ठेवला. बाजूला बारा सुट्या चिठ्ठ्या.

“त्या बाई नाहीत,” ते म्हणाले.

बाईंचा हात तोंडावर गेला. “अरे देवा. कधी गेल्या?”

“गेल्या नाहीत. नव्हत्याच.”

बाईंना कळायला वेळ लागला. काकांनी एक कोरी चिठ्ठी घेतली, पेन डाव्या हातात धरले आणि लिहिले, निवृत्त परिचारिका. तेच वाकडे अक्षर. बाईंनी ते बघितले. मग गठ्ठ्यातली वरची चिठ्ठी बघितली. मग पुन्हा ते.

कानामात्रा आत आले. काय ते त्यांच्या ध्यानात आले नाही, पण हवा कळली. “मी चहाचं बघतो,” असे म्हणून ते आल्या पावली बाहेर गेले.

“त्या लंबेगोच्या वाक्याला किती हसले होते मी,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “माझ्या आईला वाचून दाखवलं होतं. आई दर महिन्याला विचारते, त्या सिस्टरची नवी चिठ्ठी आली का. तिला काय सांगू?”

काकांनी नेमणूकपत्राची गोष्ट सांगितली. जिना, चौक, बसथांबा. शब्द बाहेर गेला की माणूस कसा हात हलवत परत जातो, ते सांगितले. बाईंनी सगळे ऐकून घेतले.

“ते मला पटतं,” त्या म्हणाल्या. “मी संपादक झाल्यावर तुम्ही येऊन भांडला असता तर मी नियम बदलला असता. वेगळी पुस्तिका काढली असती जुन्या शब्दांची. पण तुम्ही भांडला नाहीत. तुम्ही बाई तयार केलीत.”

त्यांनी प्रस्तावनेचा कागद ओढला आणि तांबड्या पेन्सिलीने ते दोन-तीन ओळींचे ऋण खोडले. मग गठ्ठा उचलून खाली टोपलीशेजारी ठेवला. काकांना वाटले, संपले.

पण बाई उठल्या आणि भिंतीकडे वळल्या. शहाण्णव खण.

“काका, यातल्या निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या तुमच्या हातच्या आहेत.”

“हो.”

“त्यातल्या खऱ्या कुठल्या, हे मी आता कशावरून ओळखू?”

आठवडाभर काकांना नोकरीची भीती वाटली, नावाची वाटली, हसे होण्याची वाटली. ही भीती एकदाही शिवली नव्हती. अडतीस वर्षे. दवाखाने, रांगा, बाक. सगळे या भिंतीत होते, आणि भिंत आता त्यांच्याकडे परक्यासारखी बघत होती.

“उजव्या हाताच्या सगळ्या खऱ्या आहेत,” ते म्हणाले. “शपथेवर सांगतो.”

“कुणाची शपथ? त्या बाईंची?”

काकांनी खाली बघितले.

“छपाई लांबणीवर जाईल,” बाई म्हणाल्या. “गेली तर गेली. दारावर जे लिहिलंय ते खोटं पाडणारं काही मी छापणार नाही.” त्यांनी पहिला खण बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. हाताला येईल ती चिठ्ठी उपसली, उलटी धरली. “मी शब्द सांगते. कोण बोललं, कुठे, तुम्ही सांगा. ‘ॲब्लूशन’.”

“अंग धुणं, हातपाय धुणं,” काका लगेच म्हणाले. “मुलींच्या वसतिगृहात पाटी होती. ‘ॲब्लूशन ब्लॉक’. मी निरोप द्यायला गेलो होतो, रखवालदारीणबाईंनी हाकललं. त्यांनी झाडू उगारला होता. पाटी निळी.”

बाईंनी चिठ्ठी उलटली. वसतिगृहाचे नाव होते, तारीख होती. झाडू नव्हता.

“‘अलास’.”

“अरेरे, हाय हाय. बसचा वाहक. शेवटचा थांबा यायचा तेव्हा रोज म्हणायचा, ‘अलास, उतरा.’ सगळी बस हसायची.”

तेही बरोबर निघाले. बाईंच्या कपाळावरची आठी मात्र तशीच होती.

“पाठ असणारच,” त्या म्हणाल्या. “खोट्या तर जास्तच पाठ असतात. ‘ॲपॉथिकरी’.”

काका तोंड उघडून थांबले.

अर्थ माहीत होता. औषधे कुटून, मिसळून देणारा. शब्द त्यांनी लिहिला होता, कागदाच्या पाठीवर उमटलेले ते अक्षर इकडूनही दिसत होते, तरुणपणीचे, टोकदार. पण कुणाच्या तोंडून? कुठल्या वर्षी? त्यांनी डोळे मिटले. काहीच आले नाही. आणि मग, नेहमीसारखे, वाक्य आले. आपोआप. एक लंगडा म्हातारा, काउंटरवर टेकलेला हात, हातात रिकामी बाटली. म्हातारा म्हणतो, ‘माझा बाप ॲपॉथिकरी होता, म्हणून मी औषध घेत नाही.’ सुरेख वाक्य. बाईंच्या आईला आवडले असते. ते अगदी जिभेवर आले होते. नुसते सोडायचे होते.

काकांनी टेबलाची कड धरली.

“आठवत नाही,” ते म्हणाले.

बाईंनी मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी काकांच्या तोंडाकडे बघितले.

“अजिबात?”

“अजिबात नाही.”

बाईंनी ती चिठ्ठी उरलेल्यांपासून वेगळी, डाव्या बाजूला ठेवली.

“बाहेर?” काकांनी विचारले.

“बाहेर.”

काकांनी मान हलवली. बाहेर जिन्यात कपांचा आवाज झाला, कानामात्रा दाराशी येऊन घुटमळले आणि कप हातात घेऊन तसेच उभे राहिले. बाईंनी खुर्ची पुढे ओढली, खण दोघांच्या मध्ये सरकवला.

“बसा,” त्या म्हणाल्या. “पुढची.”